पेटी आली, ताईचे काय?

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी आणली. खेळणी, कोडी, चित्रपत्ते, तक्ते, गोष्टी, खेळांच्या पुस्तिका असे बरेच काही तीत आहे. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय एक सलग टप्पा मानले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या पायाभूत टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. या वयाच्या मुलाने खेळत, हाताळत, स्वतः करून पाहत शिकावे, हे आता सरकारी कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. पाटीवर गिरवून घेणे म्हणजेच शिकवणे असे मानणाऱ्या समाजात ही छोटी गोष्ट नव्हे आणि तिचे स्वागतच करायला हवे. मात्र कुठल्याही नव्या शैक्षणिक विचाराचे आपल्याकडे जे होते, तेच याचेही होण्याची चिन्हे आहेत. त्या विचारातले जे विकत घेता येते, मोजता येते आणि ज्याचा फोटो काढून वर पाठवता येतो, ते आधी पोहोचते. बाकीचे वाटेतच राहते. मुलाच्या कलाने, हाताने करून शिकण्याची पद्धत परिणामकारक आहे, याचा पुरावा आज पूर्वी कधी नव्हता इतका भक्कम आहे. पण तो नीट वाचला तर लक्षात येते, की या पद्धतीचा सगळा भार साहित्यावर नसून एका माणसावर आहे. मुलाकडे पाहायला ज्याला वेळ आहे आणि काय पाहायचे हे जो शिकला आहे, असा मोठा माणूस वर्गात नसेल, तर पेटी उघडूनही उपयोग नाही.

करून शिकणे म्हणजे नेमके काय, ते एका साधनापाशी थांबून पाहू. मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरांनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीतल्या साधनांत एक लांबट लाकडी ठोकळा आहे. त्यात दहा गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत वरून धरायला मूठ असलेला एकेक दट्ट्या. दट्टे क्रमाने बारीक होत जातात. मूल सगळे दट्टे बाहेर काढते, एकत्र मिसळते आणि पुन्हा बसवू लागते. बारका दट्ट्या मोठ्या खाचेत सहज जातो, आत डुगडुगतो. तेवढ्यापुरते काही बिघडत नाही. शेवटी मात्र हातात एक जाडा दट्ट्या उरतो आणि समोरच्या खाचेत तो काही केल्या जात नाही. चूक झाली हे सांगायला कुणी लागत नाही, ती समोरच दिसत असते. मूल थबकते, मागे जाते, कोणता दट्ट्या चुकीच्या घरात बसला आहे ते शोधते. तीन बोटांनी मूठ धरताना पुढे पेन्सिल धरण्याची तयारी होत असते, जाड-बारीक यांची तुलना होत असते. त्याहून मोलाचे म्हणजे, चूक ही लपवण्याची नव्हे तर सुधारण्याची गोष्ट आहे, हे एक शब्दही न बोलता समजत असते. तेच मूल फळ्यावरचा ‘अ’ वहीत वीस वेळा उतरवते, तेव्हा त्याची चूक त्याला दिसत नाही. ती बाईंना दिसते, आणि बाईंचा लाल शेरा येईपर्यंत मूल चूकच गिरवत बसते.

साधन इतके बोलके असेल तर शिक्षकाचे कामच काय उरले, असे यावरून वाटू शकते. प्रत्यक्षात काम वाढते. हे साधन कोणत्या मुलापुढे आज ठेवायचे आणि कोणापुढे महिन्याने, हे ताईला ठरवावे लागते. ते एकदा सावकाश, कमीत कमी शब्दांत करून दाखवावे लागते आणि मग बाजूला व्हावे लागते. मूल अडले असेल तर थांबायचे, दट्टे नुसते आपटत असेल तर जवळ जायचे, काम फार सोपे झाले असेल तर पुढचे साधन काढायचे, हे निर्णय ताई दिवसभर घेत असते आणि एकाच वेळी वीस-पंचवीस मुलांबाबत घेत असते. ‘मुलांच्या कलाने घेतले तर शिस्त राहत नाही’ हा आक्षेपही असा वर्ग न पाहता घेतला जातो. तिथे प्रत्येक साधन सहसा एकच असते. दुसऱ्या मुलाने ते घेतले असेल तर त्याचे होईपर्यंत वाट पाहावी लागते. चटई अंथरायची, काम करायचे, साधन जागच्या जागी ठेवायचे, चटई गुंडाळायची, हा क्रम कुणाला चुकत नाही. काय करायचे ते मूल निवडते. कसे वागायचे ते सगळ्यांसाठी ठरलेले असते. हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसणाऱ्या वर्गात शांतता जास्त असेल, पण बाई वर्गाबाहेर गेल्या की ती संपते.

आता पुराव्याकडे वळू. या विषयातल्या संशोधनात एक मोठी मेख असते. अशा शाळा निवडणारे पालक मुळातच वेगळे असतात. त्यामुळे त्यांची मुले पुढे गेली, तर श्रेय शाळेचे की घराचे, हे कळत नाही. हा गुंता सोडवायला लॉटरी उपयोगी पडते. अमेरिकेतल्या काही सरकारी माँटेसरी शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त येतात आणि प्रवेश सोडत काढून दिले जातात. अर्ज दोघांनीही केलेला. एकाचा नंबर लागला, दुसऱ्याचा नाही. अशा मुलांची तुलना केली की घराचा फरक बाजूला पडतो. मिलवॉकी शहरातला असा अभ्यास २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात पाच वर्षांची माँटेसरीतली मुले अक्षर-शब्द ओळखण्यात, गणितात आणि मनाला आवर घालून सूचना पाळण्यात इतरांपेक्षा पुढे होती. त्यानंतर २०२५ मध्ये त्याच पद्धतीने देशभर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ सरकारी माँटेसरी शाळा, ५८८ मुले. पहिलीच्या उंबरठ्यावर पोहोचताना सोडतीत नंबर लागलेली मुले वाचनात, स्मरणात, स्वतःवर ताबा ठेवण्यात आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्यात सरस दिसली. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण ठाम होता. ज्यांना वाटते की खेळत शिकलेले मूल वाचनात मागे राहते, त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसे आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने गरीब घरांतल्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शिशुवर्ग चालवले. तिथेही प्रवेश सोडतीने झाले. संशोधकांनी २,९९० मुलांचा थेट सहावीपर्यंत मागोवा घेतला आणि २०२२ साली निष्कर्ष मांडले. शिशुवर्गात गेलेली मुले सुरुवातीला पुढे होती. सहावीपर्यंत मात्र ती, सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या तुलनेत, परीक्षांतही मागे पडली आणि त्यांच्या वर्तनाच्या तक्रारीही जास्त निघाल्या. असे का झाले, हे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकणे घाईचे ठरेल. तरीही एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते. मुलाला लवकर शाळेत घालणे हे आपोआप हिताचे नसते. तिथे त्याचा वेळ कसा जातो, हेही पाहावे लागते. अडीच वर्षांच्या मुलाला नर्सरीत घातले म्हणजे एक वर्ष कमावले, या आपल्याकडच्या हिशेबाला हा मोठा छेद आहे.

करून शिकण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एका गंभीर आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. मानसशास्त्रातले अनेक अभ्यासक गेली वीसेक वर्षे सांगत आहेत, की मुलांना साहित्य देऊन नुसते मोकळे सोडले आणि ‘शोधा तुमचे तुम्ही’ म्हटले, तर नवशिक्या मुलाच्या हाती फारसे काही लागत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची साक्ष आपल्याच देशात मिळते. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या २१४ बालवाड्यांतल्या सुमारे दीड हजार मुलांना चार महिने गणिताचे खेळ खेळायला दिले गेले. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासाच्या लेखकांत पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर दुफ्लोही होत्या. खेळांमुळे मुलांची संख्येची आणि आकारांची अंतःप्रेरणेने होणारी जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकली. पण प्राथमिक शाळेतल्या आकड्यांच्या गणितात त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही. असाच धडा २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातून मिळतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात वस्तू विकणारी मुले अवघड हिशेब तोंडी आणि झटपट करत होती. तेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर मांडले की अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. कागदावरचे जमत होते, बाजारातले नाही.

म्हणजे हाताला आलेले आपोआप कागदावर उतरत नाही. मध्ये पूल लागतो आणि तो मोठ्या माणसाने बांधायचा असतो. बालवाडीत हा पूल कसा दिसतो? मूल चिंचोके मोजत बसले आहे. दहा झाले की ताई ते एका वाटीत ठेवायला सांगते. तीन वाट्या भरतात आणि चार चिंचोके सुटे राहतात. ताई विचारते, ‘दहाच्या वाट्या किती? सुटे किती?’ मूल बोट ठेवत सांगते. मग ताई वाट्यांखाली ३ चे आणि सुट्या चिंचोक्यांखाली ४ चे कार्ड ठेवते. ‘चौतीस’ या शब्दात चार आधी येतो आणि लिहिताना तीन आधी येतो, हा मराठी संख्यांमधला अवघड गुंता त्या क्षणी डोळ्यांसमोर उकलतो. चिंचोके नसते तर ३४ हे नुसते चित्र राहिले असते. कार्ड नसते तर चिंचोके नुसते खेळणे राहिले असते. आणि ताई नसती तर दोन्ही एकमेकांच्या शेजारी पडून राहिले असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ साली ३९ अभ्यास एकत्र करून जे दाखवले, ते याला जुळते. सुरुवातीच्या गणितात आणि आकारांच्या ओळखीत, थेट शिकवण्यापेक्षा, मोठ्यांनी हलकेच दिशा दिलेला खेळ अधिक उपयोगी ठरतो. तेव्हा ‘मोकळे सोडायचे की शिकवायचे’ हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. खरा प्रश्न, मुलाने सुरू केलेल्या कामात नेमकी कधी आणि किती भर घालायची, हे कळणारी ताई आपण तयार करतो आहोत का, हा आहे.

‘हे सगळे श्रीमंतांचे चोचले’ हा आक्षेप तर महाराष्ट्रात कुणी घ्यायलाच नको. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरींची साधने महाग आणि परदेशी घडणीची. ती वारली पाड्यावर पोहोचणे शक्य नव्हते. मग बिया, शिंपले, पाने, दगड, माती, बांबू यांतून तेच काम साधले गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली आणि अंगणात भरली. आज देशभर रुळलेली अंगणवाडी तिथली. मोठी मुले गुरे राखायला जात, तर त्यांच्यामागे कुरणात शाळा गेली. मुलाच्या कलाने घेणे याचा याहून पूर्ण अर्थ क्वचितच कुणी लावला असेल. मुलाने काय निवडावे एवढ्यावर न थांबता मूल कुठे आहे, कधी मोकळे असते, त्याच्या हाताला कशाची सवय आहे, इथून या बायांनी सुरुवात केली. त्यांनी साहित्य स्वस्त केले. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वस्त केली नाही, ती म्हणजे शिक्षिकेची तयारी. कोसबाडला बालवाडीइतकेच महत्त्व बालसेविका घडवण्याला होते.

नंतर आपण उलटे केले. साहित्य थाटाचे झाले, तयारी स्वस्त झाली. २०१५ च्या सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे काम राज्यभर गाजले. मूल आपले ज्ञान स्वतः घडवते असे मानणारा ज्ञानरचनावाद तिथल्या शिक्षकांनी वर्गात आणला होता आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक ते पाहायला गेले. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात शाळाशाळांच्या फरशीवर रंगीत तळफळे उमटले. ज्या शिक्षकांना त्यामागचा विचार उमगला, त्यांच्या वर्गात फरक पडला. अनेक ठिकाणी मात्र फरशी रंगली आणि तिच्यावर बसून मुले तेच घोकू लागली. तळफळे तपासणीला आलेल्या साहेबांना दिसतात. तळफळ्यावर खडा टाकणाऱ्या मुलाला शिक्षकाने कोणता प्रश्न विचारला, हे दिसत नाही. खासगी क्षेत्रातही वेगळे घडले नाही. माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचे नाही, त्यामुळे ते कोणत्याही गल्लीतल्या फलकावर लावता येते. आत माँटेसरी साधनांतला गुलाबी मनोरा काचेच्या कपाटात आणि टेबलावर वर्कशीट, असे चित्र सर्रास दिसते. अमेरिकेत २०१२ साली नेमक्या अशा सरमिसळीचा अभ्यास झाला. साधनांसोबत वर्कशीट आणि इतर खेळणी ठेवणाऱ्या माँटेसरी वर्गांपेक्षा, पद्धत नेटाने पाळणाऱ्या वर्गांतल्या मुलांची वर्षभरातली प्रगती जास्त होती. आपल्याकडेही राजस्थान, आसाम आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुमारे १४,००० मुलांचा काही वर्षे मागोवा घेणारा मोठा अभ्यास झाला. त्यात अंगणवाडीतही आणि खासगी शिशुवर्गांतही बहुतेक ठिकाणी वयाला साजेसे शिक्षण आढळले नाही. एकीकडे शिक्षणाला वेळच नव्हता, दुसरीकडे तो सगळा वेळ लेखन-वाचन-पाढ्यांत जात होता.

यात पालकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पोटाला चिमटा काढून फी भरणारी आई चार वर्षांच्या मुलाच्या वहीत पानेच्या पाने लिहिलेली शोधते, कारण तिला शिकण्याचा तेवढाच पुरावा दिसतो. दट्टे बसवून झाल्यावर घरी न्यायला काही उरत नाही. शिवाय तिची भीती खरी आहे. धोरण सांगते पहिलीत सहाव्या वर्षी, तोवर खेळत शिकणे. पण पहिलीचे पुस्तक उघडल्यावर शिक्षक गृहीत धरतात की मुलाला अक्षरे येतात. ज्याला येत नाहीत ते पहिल्याच महिन्यात मागे. म्हणजे बालवाडीतली घोकंपट्टी बालवाडीत जन्मत नाही, ती पहिलीकडून खाली ढकलली जाते. इंग्रजीचेही तसेच आहे. इंग्रजी यावी ही पालकांची इच्छा रास्त आहे. पण ज्या भाषेत मूल ‘हे जास्त आहे की ते’, ‘का पडले’, ‘आता माझा नंबर’ असे बोलू शकते, त्या भाषेतच हाताने केलेल्या कामावर विचार होतो. ‘रेड, ब्लू, ट्रँगल’ पाठ म्हणणाऱ्या मुलाला त्रिकोणाला कोपरे किती, हे विचारले की मूल गप्प बसते, ते अज्ञानामुळे नव्हे, तर आपण त्याची बोलायची भाषा काढून घेतली म्हणून. तेव्हा पालकांनी बदलावे असे वाटत असेल, तर आधी पहिलीचा वर्ग बदलला पाहिजे. तीन ते आठ हा सलग टप्पा आहे, असे धोरण म्हणते. मग पहिली आणि दुसरीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण अंगणवाडी ताईंबरोबर एकत्र का होत नाही?

सगळ्यांत मोठी संधी अंगणवाडीत आहे. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि तिथे तीन ते सहा वयाची मुले एकत्र बसतात. खासगी शाळा नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशी वर्षावर्षाने विभागणी करतात आणि अंगणवाडीतला एकत्र वर्ग मागासलेपणाची खूण समजला जातो. वस्तुतः माँटेसरींनी जाणीवपूर्वक केलेली रचना तीच आहे. पाच वर्षांचे मूल तीन वर्षांच्याला दाखवते, त्यात दोघेही शिकतात आणि ताईचा भार हलका होतो. २०२५ च्या अमेरिकी अभ्यासात माँटेसरी शिशुवर्गाचा खर्च पारंपरिक वर्गापेक्षा दर मुलामागे कमी निघाला, त्याचे मुख्य कारण हेच. लहान वयातही तिथे एका शिक्षिकेकडे मुले जास्त असू शकतात, कारण मुले एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणजे ‘आमच्याकडे तीस मुले, हे कसे जमणार’ या प्रश्नाचे उत्तर पद्धतीतच आहे. अडचण संख्येची कमी आणि ताईच्या वेळेची जास्त आहे. वजन-उंची, पोषण आहार, घरपोच शिधा, लसीकरणाची बोलावणी, गृहभेटी, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, वर सर्वेक्षणे आणि अनेकींना मतदारयाद्यांचे काम. यातून सकाळी मुलांसाठी सलग तासभर मिळाला तरी पुष्कळ.

तमिळनाडूत याच दुखण्यावर उपाय करून पाहिला गेला. ३२० अंगणवाड्यांपैकी चिठ्ठी टाकून निवडलेल्या निम्म्यांत, फक्त बालशिक्षणासाठी म्हणून अर्धवेळ आणखी एक बाई नेमली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा शिक्षणाला मिळणारा वेळ दुप्पट झाला होता, गणित आणि भाषा दोन्हींत मुले स्पष्टपणे पुढे गेली होती आणि मूळ सेविकेला पोषणाकडे लक्ष देता आल्याने कुपोषणही घटले होते. खर्चाच्या तुलनेत फायदा कितीतरी जास्त भरला. इथे एक प्रामाणिक नोंद हवी. त्या बाईंना मिळालेले प्रशिक्षण फार लांबलचक नव्हते. म्हणजे पहिली गरज वेळेची आहे, तयारीची त्यानंतर. पण वेळ मिळाल्यावर त्या वेळेचे सोने करायचे, तर तयारीशिवाय भागणार नाही. २०२० च्या धोरणातच बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका द्यायची असे म्हटले आहे. ते प्रामुख्याने मोबाइल आणि दूरशिक्षणातून, अधूनमधून प्रत्यक्ष वर्ग घेऊन द्यायचे, असेही तिथेच आहे. मुलांनी करून शिकावे म्हणायचे आणि ताईने पडद्यावर पाहून शिकावे म्हणायचे, ही विसंगती आहे. मुलाला केव्हा मदत करायची नाही, हे व्हिडिओ पाहून कळत नाही. ते दुसऱ्या अनुभवी ताईच्या वर्गात बसून, मग तिला आपल्या वर्गात बसवून, चुकत चुकत कळते. पर्यवेक्षिकांना रजिस्टरे तपासण्यातून मोकळे करून हे काम दिले, तर यंत्रणा हाताशी आहेच.

‘यासाठी पैसा कुठून आणायचा’ हा शेवटचा आणि सरकारचा आवडता आक्षेप. पण पैसा आजही खर्च होतोच. तो साहित्यावर होतो, रंगरंगोटीवर होतो, दरवर्षी नव्या नावाच्या मोहिमेवर होतो. शिवाय तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही म्हणून पुन्हा वर्ग भरवावे लागतात, तो खर्च वेगळाच. खासगी शिशुवर्गांबाबत तर सरकारी तिजोरीला हातही लावावा लागणार नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे, त्यामुळे या वर्गांना आजवर मोकळे रान मिळाले. त्यांना दोन नियम पुरेत. प्रवेशासाठी चार वर्षांच्या मुलाची मुलाखत घ्यायची नाही. कोणत्या ताईचे कोणते प्रशिक्षण झाले आहे आणि दिवसातला किती वेळ मुले स्वतः निवडलेले काम करतात, हे दारावरच्या फलकावर लिहायचे. एवढी दोन बंधने घातली तरी ‘माँटेसरी’ अक्षरे रंगवण्याआधी संस्थाचालक विचार करतील आणि पालकांच्या हाती वहीच्या पानांव्यतिरिक्त एक मोजमाप येईल.

ताराबाई आणि अनुताईंच्या राज्याला बालशिक्षणाचा विचार बाहेरून मागवायची गरज नाही, आणि आता त्याला पाठबळ देणारा पुरावाही जगभरातून आला आहे. प्रश्न राहतो तो अग्रक्रमाचा. प्रत्येक अंगणवाडीत बालशिक्षणासाठी दुसरी ताई, दोघींनाही प्रत्यक्ष वर्गातले सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि रोज सकाळी कोणत्याही नोंदीसाठी मोडता न येणारे दोन तास, एवढ्या तीन गोष्टी राज्याच्या अर्थसंकल्पात आणि शासन निर्णयात दिसेपर्यंत बालकेंद्री शिक्षणाबद्दल आपण जे बोलतो ते धोरण नव्हे, नुसती सदिच्छा आहे. तीन वर्षांच्या मुलाला सदिच्छेवर वाट पाहत ठेवता येत नाही. तीन वर्षांत ते पहिलीत गेलेले असते.